अनुदान म्हणजे गिऱ्हाईक नव्हे!

आपल्या बीड जिल्ह्यात नव्या धंद्याची चर्चा अनुदानापासून सुरू होते. कशाचा धंदा करायचा याच्या आधी "कशाला किती टक्के सबसिडी हाय?" हा प्रश्न येतो. मग "प्रोजेक्ट रिपोर्ट कोण करून देतंय?" आणि "माल घेणार कोण?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा मशीन दारात येऊन पडल्यावर.

पोस्ट मोठी आहे. पण ज्याच्या घरातलं पोरगं कर्ज काढून काही सुरू करायच्या विचारात आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी. बाजाराची जी माहिती मिळवायला लोक एजंटला पैसे मोजतात, त्यातली निम्मीअर्धी सरकारी संकेतस्थळांवर फुकट पडून आहे. आणि जी तिथं नाही, ती का नाही हेही आपल्याला कळलं पाहिजे, कारण त्यातच आपल्या जिल्ह्याचं दुखणं आहे.

आधी प्रोजेक्ट रिपोर्टबद्दल. बँकेला कागद लागतो म्हणून तो तयार होतो. त्यात 'बाजारपेठेतील संधी' नावाचा एक परिच्छेद असतो. डाळ मिल असो, मसाला असो की बेकरी, परिच्छेद तोच. 'सदर उत्पादनास स्थानिक व राष्ट्रीय पातळीवर प्रचंड मागणी आहे.' ही मागणी कुणी मोजली, कधी मोजली, कुठं मोजली, याचा पत्ता नसतो. रिपोर्ट करणाऱ्याला त्याची फी मिळते, फाईल पुढं सरकते, आणि हप्ता ज्याच्या नावावर आहे तो एकटाच मागणी शोधत फिरतो.

उदाहरण लांबचं नको. कपिलधारचं घेऊ.

मांजरसुंब्याच्या अलीकडं-पलीकडं बालाघाटाचे डोंगर आहेत. मन्मथस्वामींच्या समाधीमुळं कपिलधार महाराष्ट्र-कर्नाटकात माहीत आहे, पावसाळ्यात धबधब्यामुळं गर्दी होते, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास रस्त्याच्या कडंला सीताफळाच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया दिसतात. हे फळ कुणी लावलेलं नाही, डोंगरानं दिलेलं आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सत्कार झाले, फोटो छापून आले. पाटीवाल्या बाईच्या भावात त्यानं काय फरक पडला, हे तिलाच जाऊन विचारा.

आता समजा तिथल्या एखाद्या तरुणाला वाटलं, की आपण सीताफळाचा गर काढायचं युनिट टाकू. कल्पना चांगली आहे. फळ झाडावरून उतरलं की दोन-चार दिवसांत पिकतं, पिकलं की टिकत नाही, म्हणून व्यापारी पाडून मागतो. गर गोठवून ठेवला तर वर्षभर विकता येतो. आइस्क्रीमवाले, रबडी-बासुंदीवाले, लग्नाचे केटरर घेतात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख रुपये.

बरं, हिशोब करू. प्रकल्प ३० लाखांचा धरा. स्वतःचे किमान १० टक्के म्हणजे ३ लाख. २७ लाख बँकेचे. अनुदान १० लाख. ऐकायला गोड आहे. पण हे अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं. ते बँकेत वेगळं जमा राहतं आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यानंतर ३ वर्षांनी, खातं नीट चालू असेल आणि युनिट सुरू असेल, तरच कर्जात वळतं होतं. म्हणजे तीन वर्षं तुम्हाला माल विकूनच जगायचंय. गिऱ्हाईक नसेल तर युनिट बंद पडणार, आणि युनिट बंद पडलं तर अनुदानही हातचं जाणार.

मग हे गिऱ्हाईक शोधायचं कुठं? सुरुवात मोबाईलवरच होऊ शकते.

पहिली गोष्ट, भाव.

राज्य कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ आहे, मराठीत आहे. रोजचे बाजार समितीनिहाय दर तिथं असतात. केंद्राचं ॲगमार्कनेट २००० सालापासून चालू आहे, तिथं तारीख टाकून मागच्या वर्षांचेही दर काढता येतात. दोन्ही फुकट. तिथं प्रत्येक मालापुढं चार आकडे दिसतील : आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. दर क्विंटलचा असतो, किलोचा नाही.

आपल्याकडं व्हॉट्सॲपवर फिरतो तो कमाल दर. "पुण्यात एवढ्यानं गेलं!" असं म्हणून. पण कमाल दर एखाद्याच्या निवडक पाच क्रेटलाही मिळालेला असू शकतो. बहुतेक माल ज्या भावानं गेला तो सर्वसाधारण दर. हिशोब त्याच्यावर करायचा. आणि एका दिवसाचा दर म्हणजे बातमी, तीन हंगामांचे दर शेजारी-शेजारी लिहिले की बाजार दिसायला लागतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत दर आठवड्याला एक ओळ वहीत लिहा. पुणे, मुंबई, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर असे चार बाजार. दोन-तीन तासांचं काम आहे. आवक कधी वाढते, भाव कधी कोसळतो, हे तुम्हाला कुठल्याही एजंटपेक्षा चांगलं कळेल.

त्यातून प्रश्न सुचतात. पुरंदर-सासवडकडचं सीताफळ जून-जुलैपासूनच पुण्यात यायला लागतं. आपलं डोंगरी फळ येईपर्यंत गिऱ्हाईकाची पहिली हौस फिटलेली असते. तिकडं बार्शीकडच्या गोल्डन जातीच्या बागा उभ्या राहिल्या, फळ मोठं, बिया कमी, टिकायला बरं. आपल्याकडंही अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रातून 'धारूर-६' ही जात निघाली. म्हणजे बाजारात 'सीताफळ' नावाची एक वस्तू नाही, तीन-चार वस्तू आहेत. दराच्या तक्त्यात मात्र बऱ्याचदा सगळं एकाच नावाखाली येतं. आपलं फळ चवीला सरस आहे हे आपण म्हणतो. गर घेणारा त्यासाठी दोन रुपये जास्त देतो का, हे त्यालाच विचारावं लागतं.

आणि आता त्या तक्त्यातलं भोक बघा. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्याला कुठंही विकायची मुभा मिळाली. ते बरं की वाईट हा वाद वेगळा. पण एक गोष्ट नक्की, समितीच्या आवाराबाहेर जो माल विकला जातो त्याची नोंद कुठंच होत नाही. मांजरसुंब्याच्या चौकात, महामार्गाच्या कडंला, कपिलधारच्या पायथ्याला विकलं जाणारं सीताफळ, किंवा व्यापाऱ्यानं वाडीवर टेम्पो लावून उचललेलं सीताफळ सरकारच्या दृष्टीनं विकलंच गेलेलं नाही. ज्या फळाला जिल्ह्याच्या नावानं मानांकन आहे, त्याची जिल्ह्यातली खरी उलाढाल तुम्हाला कुठल्याही पोर्टलवर सापडणार नाही.

म्हणून त्या तरुणानं काय करावं? मोबाईल खिशात घालून चार बुधवार-रविवार रस्त्यावर उभं राहावं. पाटी कितीला जाते, सकाळी कितीला, संध्याकाळी कितीला, उरलेल्या पिकल्या मालाचं काय होतं, हे वहीत लिहावं. घरी १० किलो फळ आणून साल-बिया काढून गराचं वजन करावं. फळाचा भाव भागिले गराचं वजन, त्यावर मजुरी, वीज, पॅकिंग. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, आंब्यासारखा डबाबंद करून जमत नाही, गोठवूनच ठेवावा लागतो. फळ दोन-अडीच महिने येतं, पण डीप फ्रीजरचं बिल बाराही महिने येतं. आपल्याकडच्या विजेचा भरवसा किती ते सांगायची गरज नाही. हा आकडा संकेतस्थळ देणार नाही, महावितरणचं बिल आणि इन्व्हर्टरवालाच देईल.

दुसरी गोष्ट, समोरचा माणूस खरा आहे का.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मल्टीस्टेट पतसंस्थांनी गेल्या काही वर्षांत बीड जिल्ह्याचं काय केलं, ते मी सांगायला नको. घराघरात त्या पावत्या पडून आहेत. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ कोंबडी प्रकरण आठवा. कंपनीच पक्षी देणार, कंपनीच अंडी-कोंबड्या परत घेणार. म्हणजे विकणाराही तोच आणि गिऱ्हाईकही तोच. उघड्या बाजारात त्या अंड्याला खरंच तेवढा भाव आहे का, हे आधी फार कमी जणांनी विचारलं. कंपनीनं खरेदी थांबवली तेव्हा शेडमधल्या पक्ष्यांना खाऊ काय घालायचं इथून प्रश्न सुरू झाला. त्याच्या आधी इमूचंही असंच झालं होतं.

"आम्ही तुमचा सगळा माल बायबॅक करू" म्हणणारा माणूस दारात आला, की चहा द्या, आणि त्याच्यासमोरच मोबाईल काढा.

जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधायची सोय आहे, लॉगिन लागत नाही. त्याच्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक टाका. नोंदणी कुणाच्या नावानं, कोणत्या तारखेची, चालू आहे की रद्द, रिटर्न भरतो की नाही, सगळं दिसतं. कंपनी म्हणत असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. कधी स्थापन झाली, भरणा झालेलं भांडवल किती, सध्या चालू आहे का. एक लाख भांडवलाची, आठ महिन्यांपूर्वी काढलेली कंपनी तुमचा दहा टन माल घ्यायचा करार करत असेल, तर पुढचं मी बोलायला नको. खाद्यपदार्थाचा धंदा असेल तर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो, तोही ऑनलाईन तपासता येतो. ठेवी मागणारं कुणी असेल तर रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' पोर्टल आहे. तिथं ठेवी घ्यायची परवानगी कुणाला आहे ते पाहता येतं आणि तक्रारही करता येते.

या सगळ्याला मिळून अर्धा तास लागतो. अर्ध्या तासात माणूस प्रामाणिक आहे हे कळत नाही, हे खरं. पण नोंदणी रद्द झालेला, रिटर्न न भरणारा, कालचं पोरगं असलेली कंपनी घेऊन फिरणारा तेवढ्यात गळून पडतो. तेवढं झालं तरी पुष्कळ.

आणि हेच संकेतस्थळ उलटंही वापरता येतं. कुठल्याही दुकानातल्या सीताफळ रबडीच्या किंवा गराच्या पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना छापलेला असतो. अशी दहा पाकिटं बघितली की तुमचे स्पर्धक कोण आणि संभाव्य गिऱ्हाईक कोण, याची यादी तयार. फोन करून विचारा, "गर कुणाकडून घेता? वर्षाला किती? कितीला?" दहातले सात फोन ठेवतील. तीन जण जे सांगतील ते त्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या परिच्छेदापेक्षा खरं असेल.

तिसरी गोष्ट, माणसं किती आणि त्यांच्या हातात पैसा कधी.

किराणा, कापड, मोबाईल दुरुस्ती, हॉटेल, काहीही काढायचं तर गावात माणसं किती हे लागतं. जनगणनेच्या संकेतस्थळावर गावनिहाय आकडे आहेत. बीड जिल्हा २५ लाख ८५ हजार ४९, बीड शहर १ लाख ४६ हजार ७०९. पण हे आकडे २०११ चे! २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ ची ठरली आहे, संदर्भ तारीख १ मार्च २०२७. ज्या वर्षी मोजणी झाली तेव्हा पहिलीत असलेलं पोरगं आज स्वतः धंदा काढायला निघालंय, आणि त्याला बाजाराचा आकार मोजायला आकडा मिळतो त्याच्या पहिलीतला. दुकानं-उद्योग किती, हे सांगणारी आर्थिक गणना तर आणखी वाईट. सहावी झाली २०१३ मध्ये, सातवीचं काम २०१९ मध्ये सुरू झालं, आणि तिचे निकाल अजून जाहीर झालेले नाहीत.

आपल्या जिल्ह्यासाठी यात आणखी एक मेख आहे. प्रत्यक्ष माणसं मोजायचं काम फेब्रुवारीत होणार आहे. फेब्रुवारीत आपल्या वाड्या-तांड्यांवर असतं कोण? म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मोजणीचा सगळा काळ जो माणूस घराबाहेर असतो, तो जिथं असेल तिथं मोजला जातो, अशी आपल्या जनगणनेची पद्धत आहे. म्हणजे बीडची माणसं पुन्हा कारखान्याच्या फडावर मोजली जाणार आणि इथलं गाव कागदावर लहान दिसणार. यावर लोकप्रतिनिधींनी आताच बोललं पाहिजे. निधी, योजना, शाळा, दवाखाने, सगळं त्या आकड्यावर ठरतं.

पण धंदा करणाऱ्यानं तोवर काय करायचं? एकच साधी गोष्ट, आपल्या बाजाराचं वर्ष जानेवारीला सुरू होत नाही हे ध्यानात घ्यायचं. मुकादमाकडून उचल येते तेव्हा, दसऱ्याच्या आगेमागे, कापड, भांडी, मोबाईल, दुचाकीची दुकानं भरतात. दिवाळी झाली की टोळ्या जातात आणि वाडीतलं किराणा दुकान थंड पडतं, ते थेट पाडव्याच्या सुमाराला जागं होतं. कारखान्यांचा गाळप हंगाम कधी सुरू होणार हे साखर आयुक्तालय जाहीर करतं. ती तारीख आपल्याकडच्या किराणा दुकानदारानं कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवावी. राज्याच्या सरासरीवरून माल भरणारा दुकानदार जानेवारीत उधारीची वही चाळत बसतो.

वाहनांचे आकडे मात्र ताजे मिळतात. परिवहन खात्याच्या 'वाहन' डॅशबोर्डवर आरटीओनिहाय, महिन्यानिहाय नोंदणी दिसते. बीडचं कार्यालय निवडा, एमएच-२३. ट्रॅक्टर किती, दुचाकी किती, इलेक्ट्रिक गाड्या किती. ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट किंवा ई-बाईक दुरुस्तीचं गॅरेज टाकायचं असेल तर यापेक्षा चांगली माहिती विकतही मिळणार नाही. नाबार्ड दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा संभाव्य कर्ज आराखडा काढतं. कोणत्या तालुक्यात काय पिकतं, गोदामं-शीतगृहं किती, कशाला कर्ज देता येईल, असं सगळं त्यात असतं. बँक मॅनेजरच्या टेबलावर असतो तो. तुम्हीही वाचून जा, बोलणं बरोबरीनं होईल. इंग्रजीत आहे, पण तक्ते समजतात. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' मराठीत आहे, तालुकानिहाय आहे. त्याचं वर्ष तेवढं बघून घ्या.

चौथी गोष्ट, जिथं आकडा मोठा आणि हवेतला असतो तिथं सावध.

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला यात्रा भरते. बातमीत येतं 'लाखो भाविक'. आता तिथं चहा-नाश्त्याचा स्टॉल टाकणाऱ्यानं या 'लाखो'वर किती दूध आणायचं? हा आकडा मोजलेला नसतो, तो गर्दीचा आदर असतो. मोजायचंच असेल तर उपाय आहेत. एसटीनं यात्रेसाठी किती जादा गाड्या सोडल्या, त्यातून उत्पन्न किती आलं, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि स्वतः मोजता येतं. रस्त्यावर एका जागी उभं राहून दर तासाला १५ मिनिटं येणारी वाहनं मोजा, चारनं गुणा. दिवसभरात अंदाज येतो. पावसाळ्यातल्या धबधब्याच्या गर्दीचंही तसंच. 'महारेन' या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस असतो. मागच्या तीन-चार वर्षांत धबधबा कोणत्या आठवड्यापासून जोरात होता हे गावकऱ्याला विचारा, पावसाच्या तक्त्याशी ताडून बघा. धंद्याचे रविवार किती मिळतात ते कळेल. माझा अंदाज विचाराल तर आठ-दहा. आठ-दहा रविवारांवर पक्कं हॉटेल बांधायचं का, हे मग ज्याचं त्यानं ठरवावं.

इंटरनेटवर 'जागतिक सीताफळ गर बाजार अमुक अब्ज डॉलरचा होणार' असले इंग्रजी अहवालही दिसतात. फुकट दिसतो तो सारांश, पूर्ण अहवालाची किंमत हजारो डॉलर. त्या अब्ज डॉलरमध्ये कपिलधारवाडीच्या पाटीचा भाव कुठंच नसतो. गुगल ट्रेंड्स चांगलं साधन आहे, पण तिथला १०० हा आकडा म्हणजे शंभर माणसं नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वांत जास्त शोध म्हणजे १००, बाकी त्याच्या तुलनेत. हंगाम कधीचा हे त्यावरून कळतं, माल किती खपेल हे कळत नाही. ऑनलाईन घाऊक बाजारात गराचा जो किलोचा भाव दिसतो तो विकणाऱ्यानं मागितलेला असतो, गिऱ्हाईकानं दिलेला नव्हे. आणि आता एआयला विचारायची टूम निघाली आहे. विचारा, बिनधास्त विचारा. पण त्यानं आकडा दिला की लगेच दुसरा प्रश्न टाका, "हे कुठून घेतलं?" मूळ ठिकाणी जाऊन आकडा दिसला तरच वहीत लिहा. ठासून सांगितलेलं सगळं खरं नसतं, हे आपल्याला निवडणुकीच्या सभांनी शिकवलेलंच आहे.

कुठलाही आकडा समोर आला की तीन प्रश्न पुरतात. कधीचा? कुणी मोजला? कोण मोजायचं राहिलं? तिसरा प्रश्न आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात मोलाचा आहे. कारण रस्त्यावरची पाटीवाली, फडावरचा कोयतेवाला, वाडीवरून उचललेला टेम्पोभर माल, हे नेहमी 'राहिलेल्या'त असतात.

काही जण म्हणतील, आमच्या बापानं कुठली संकेतस्थळं बघून दुकान टाकलं होतं? बरोबर आहे. पण त्यानं दुकान टाकलं ते ओळखीच्या गिऱ्हाईकावर, स्वतःच्या पैशावर, आणि चुकलं तर नुकसान एका हंगामाचं होतं. आज पोरगं पाच-सात वर्षांचं कर्ज उचलतंय, माल अनोळखी माणसाला पुण्या-मुंबईत विकायचाय, आणि तारण आहे शेत.

म्हणून सरकारकडं आणि आपल्याकडं माझं मागणं थोडकं आहे.

जिल्ह्याची जी आकडेवारी सरकार गोळा करतं ती मराठीत, तालुकानिहाय आणि वेळेवर टाका. स्कॅन केलेल्या धूसर पानांचे गठ्ठे नकोत, बेरीज-वजाबाकी करता येईल अशा तक्त्यात द्या. माहिती अधिकार कायद्यानं स्वतःहून माहिती जाहीर करायचं बंधन घालून २० वर्षं झाली.

मानांकन मिळालेल्या फळाची तरी आवाराबाहेरची खरेदी-विक्री हंगामात नमुन्यादाखल मोजा. कृषी सहायक गावात असतोच. आठवड्यातून एक दिवस चार ठिकाणचा पाटीचा भाव लिहायला किती वेळ लागतो?

बँकांनी आणि जिल्हा उद्योग केंद्रानं प्रोजेक्ट रिपोर्टमधला तो छापील परिच्छेद स्वीकारणं बंद करावं. त्याऐवजी एक पान मागावं. तीन बाजारांचे तीन हंगामांचे दर आणि माल घ्यायला तयार असलेल्या दोन गिऱ्हाईकांची नावं. अर्जदारानं स्वतः, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पान. काही फायली त्या पानावरच थांबतील. थांबू द्या. थांबलेली फाईल थकलेल्या कर्जापेक्षा बरी.

आणि आपल्या राज्यात सरकारी अनुदानावर चालणारी ११ हजारांच्या आसपास सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. कॉलेजात कॉमर्सची पोरं आहेत. शनिवारी दोन तास एखाद्या ग्रंथालयात एक पोरगं-पोरगी लॅपटॉप घेऊन बसले आणि येणाऱ्याला बाजारभाव काढून दिले, जीएसटी क्रमांक तपासून दिला, तर कुठल्या शासन निर्णयाची वाट बघायची गरज नाही. स्पर्धा परीक्षेसाठी आपण अभ्यासिका काढल्या. धंद्यासाठीही एक टेबल ठेवू या.

तोवर ज्याच्या घरात फाईल तयार होते आहे त्याला एवढंच सांगणं. माल कोण घेणार, किती घेणार, कितीला घेणार, ही तीन उत्तरं कागदावर उतरल्याशिवाय सातबारा बँकेत नेऊ नका.